वजन उतरल्यावर ताट आखडू नका

किशोरवयात बरेच वजन उतरल्यावर पोळी-भात सोडून व्यायाम वाढवत नेणे मला घातक वाटते, कारण शरीर अजून घडते आहे. हाडांची बहुतेक घनता विशीपर्यंतच साठते. अमेरिकेतील मिनेसोटात १९४४-४५ मध्ये एका प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मंदावला, मन सतत अन्नाभोवती घुटमळू लागले आणि पुढे पुरेसे खायला मिळाल्यावरही अनेकांना भूक आवरेना. ते सारे प्रौढ होते हे खरे. पण वाढत्या मुलांना उपासमारीची झळ त्याहून जास्त.

पोटभर खाल्ले तर वजन परत येईल, ही भीती समजण्यासारखी आहे. थोडे वाढेलही, आणि उंची वाढत असताना ते वाढायलाच हवे. म्हणून वरण-भात, भाकरी, उसळ, दही, अंडे असे नेमाचे जेवण आणि मधले खाणे चुकवू नये. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवते. त्यात आठवड्यातून तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारी, म्हणजे कबड्डी किंवा दोरीउड्यांसारखी. खाल्लेले फेडण्यासाठी केलेला व्यायाम मात्र वेगळा. पाळी थांबली, चक्कर येऊ लागली किंवा जेवणाचीच धास्ती वाटू लागली, तर काट्यावरचा आकडा कितीही योग्य दिसो, व्यायाम थांबवून डॉक्टरांना भेटावे.