आभाळाचा थेंब सांडू नये म्हणून

श्रावणात भोरच्या बाजूला झड लागली, की चौकाचौकात एकच विचारणा सुरू होते : भाटघरचे दरवाजे उघडले का? वेळवंडी नदीवरचं हे धरण 1928 मध्ये पुरं झालं. त्याच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे आणि त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. धरणाला 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात. येवा किती, साठा किती आणि विसर्ग किती, हे तीन आकडे सांभाळण्यात धरणावरच्या माणसांचा सगळा पावसाळा जातो.

याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, असाच एक येवा बारा महिने चालू असतो. तो आभाळातून येतो आणि त्याचा थेंब सांडला तर परत मिळत नाही.

खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि सहकाऱ्यांसह उभी केलेली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. प्रत्येक तबकडीचा संकेत प्रकाशतंतूतून मधल्या इमारतीत येतो. अलीकडच्या सुधारणेनंतर ही दुर्बीण एका वेळी 400 मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा ऐकते. एवढा पट्टा आकड्यांत उतरवायचा तर सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. एक नमुना 4 बिटांचा धरला तर एका संकेताचे सेकंदाला 3.2 गिगाबिट झाले. प्रत्येक तबकडीचे दोन संकेत, म्हणजे एकूण 60. गुणाकार केला की आकडा येतो 192 गिगाबिट, अर्थात सेकंदाला 24 गिगाबाइट. हा सगळा येवा सर्व्हरांच्या रांगेत शिरतो तो नेटवर्क कार्डांमधून, आणि ती कार्डं नीट बसवणं, नीट जुळवणं हे स्वतंत्र कसबाचं काम आहे.

आता कार्डाजवळ जाऊ. तळहातात मावेल एवढी हिरवी पाटी, खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांचा दात, एका टोकाला केबल खोचायची खिडकी. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात, त्यामुळे दोन्ही वायरी काढायच्या. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा, कारण हिवाळ्याच्या कोरड्या हवेत बोटातून उडालेली न दिसणारी ठिणगीसुद्धा चिप जाळू शकते. मग कार्ड दोन्ही कडांना धरून सरळ खाली दाबायचं. तिरकं नाही, हिसक्याने नाही. स्लॉटची खिट्टी ‘कट’ करून लागली की बसलं.

पण कुठल्या स्लॉटमध्ये? पहिली फसगत इथेच होते. या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात आणि त्यात लेन असतात. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला जवळपास 8 गिगाबिट वाहून नेते. आठ लेनचा स्लॉट म्हणजे साधारण 63 गिगाबिट, सोळा लेनचा 126. काही मदरबोर्डांवर स्लॉट दिसायला सोळाचा असतो, पण आतून तारा आठच जोडलेल्या असतात. त्यात 100 गिगाबिटचं कार्ड घातलं तर दिवे लागतात, लिंक येते, स्क्रीनवर 100 गिगाबिट असंच दिसतं, आणि प्रत्यक्षात 63 च्या पुढे काटा सरकत नाही. म्हणून जाणती मंडळी कार्ड बसवल्यावर आधी ‘एलएसपीसीआय’ची आज्ञा चालवून दोन ओळी शेजारी ठेवून बघतात : कार्डाची कुवत किती लेनची आणि मिळाल्यात किती.

पुढचा प्रश्न वेल्ह्याकडच्या माणसाला चटकन कळेल. वेल्हे भागातल्या पानशेत आणि वरसगाव धरणांतून सोडलेलं पाणी आधी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्याला मिळतं. वरची दोन्ही धरणं काठोकाठ भरलेली असली तरी शहराला पाणी मिळणार ते खडकवासल्यातून जेवढं निघेल तेवढंच. सर्व्हरमध्येही तसंच. त्यात बहुधा दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येक स्लॉट त्यांतल्या एकाच्याच वाट्याला जोडलेला असतो. कार्ड एका प्रोसेसरकडे आणि पॅकेटं, म्हणजे आलेल्या आकड्यांचे गठ्ठे, हाताळणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर, असं झालं की प्रत्येक पॅकेटाला मधला पूल ओलांडावा लागतो. यावरच्या उपायाला खर्च शून्य आहे. प्रोग्रॅमला कार्डाच्या बाजूच्या प्रोसेसरवर बांधून टाकायचं. पण हे सुचावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते सुचतच नाही.

मग पॅकेटाचा आकार. नेहमीचं ईथरनेट पॅकेट 1500 बाइटांचं. 10 गिगाबिटची तार भरून वाहू लागली की अशी सेकंदाला आठ लाखांहून जास्त पॅकेटं येतात आणि प्रत्येकाची दखल घेता घेता प्रोसेसर थकतो. तेच पॅकेट 9000 बाइटांचं, म्हणजे ‘जंबो’ केलं, तर संख्या 1 लाख 38 हजारांवर येते. मात्र कार्ड, स्विच आणि पलीकडचं यंत्र, तिन्हीकडे हा आकडा बदलावा लागतो. मधला स्विच 1500 वरच राहिला तर छोटी पॅकेटं सुखरूप जातात आणि मोठी मुकाट्याने गडप होतात. चाचणीचा ‘पिंग’ उत्तर देत राहतो, म्हणून संशयही तिकडे जात नाही.

आता साठा. आलेली पॅकेटं प्रोग्रॅमने उचलेपर्यंत कुठेतरी थांबायला हवीत, म्हणून सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली प्रत्येक जोडणीला छोटा बफर देते. त्याची नेहमीची कमाल मर्यादा 2,12,992 बाइट. ऐकायला पुष्कळ वाटतं. 10 गिगाबिटच्या वेगाने हा बफर 170 मायक्रोसेकंदांत भरतो. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याच्या कित्येकशे पट कमी वेळ. तेवढ्यात प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला, तर पुढची पॅकेटं सांडली. आपल्या नेहमीच्या इंटरनेट व्यवहारात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं. दुर्बिणीची पॅकेटं यूडीपी पद्धतीने एकतर्फी येतात. कुणाकडे मागायची? ज्यांना ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ म्हणतात ते दूरच्या दीर्घिकांमधले स्फोट काही मिलिसेकंदच टिकतात; तेवढ्यात पॅकेटं सांडली तर स्फोटही गेला. म्हणून हा बफर काही शे पटींनी वाढवणं, कार्डाची स्वतःची रिंग, म्हणजे पॅकेटं थांबायची रांग, तीही वाढवणं आणि येणारं काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांमध्ये वाटून देणं, ही इथली धरणाची उंची वाढवण्याची कामं.

खोडदला गोष्ट एवढ्यावर संपत नाही. दुर्बिणीला 30 तबकड्यांतली प्रत्येक जोडी ताडून बघायची असते, म्हणजे 435 जोड्या. त्यासाठी एकाच क्षणाचे सगळ्या तबकड्यांचे आकडे एका सर्व्हरमध्ये गोळा व्हायला हवेत. म्हणून 10 गिगाबिट ईथरनेटवरून आत आलेला येवा इन्फिनिबँड नावाच्या दुसऱ्या जाळ्यावरून सर्व्हरांमध्ये पुन्हा वाटला जातो आणि मग ग्राफिक्स प्रोसेसर त्याचा हिशेब मांडतात. या इन्फिनिबँडची एक खोड पहिल्यांदा बसवणाऱ्याला हमखास रडवते. केबल ठीक, ड्रायव्हर ठीक, दिवा लागलेला, पण एकही पॅकेट हलत नाही. अवस्थेपुढे ‘इनिशिअलायझिंग’ एवढाच शब्द. कारण जाळ्यात कुठेतरी ‘सबनेट मॅनेजर’ नावाचा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. प्रत्येक कार्डाला पत्ता देणं, वाटा आखणं हे त्याचं काम. कालव्यात पाणी आहे, पण पाटकरीच आला नाही, तशी ही गत. तो प्रोग्रॅम सुरू केला की काही क्षणांत तिथेच ‘अ‍ॅक्टिव्ह’ उमटतं.

ही कार्डं बाहेरूनच आणायची, असं पुण्याने कधी मानलं नाही, याचा अभिमान वाटावा. 1988 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला आणि पुढे यंत्रं जोडणारं ‘परमनेट’ही स्वतः घडवलं. 2008 च्या परम युवामध्ये परमनेट-3 ची कार्डं होती. आता ‘त्रिनेत्र’ या नावाने 100 आणि 200 गिगाबिटच्या जाळ्यावर काम झालं आहे. 26 सप्टेंबर 2024 रोजी देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक जीएमआरटीच्या कामासाठी आहे.

कार्ड बसलं, आकडे जुळले, तरी लगेच कुणी निर्धास्त होत नाही. दोन सर्व्हरांमध्ये ‘आयपर्फ’ हा चाचणीचा प्रोग्रॅम लावून रात्रभर पूर्ण वेगाने पॅकेटं सोडली जातात. सकाळी चहाआधी ‘ईथटूल’ने कार्डाची मोजणी उघडायची आणि खाली सरकत ‘ड्रॉप्ड’, म्हणजे सांडलेल्या पॅकेटांच्या, ओळीवर थांबायचं. तिथे शून्य असेल तर सर्व्हर रॅकमध्ये सरकवायचा. एखादा आकडा दिसला तर पुन्हा स्लॉटपासून सुरुवात.