पळण्याआधी रंग बघा, पळून आल्यावर वजन!

पहाटेचे साडेपाच. ओहोटी असली की अलिबागच्या किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू म्हणजे फुकटचा ट्रॅकच. समोर अंधारात कुलाबा किल्ला आणि वाळूवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. कुणाचे १६०० मीटर, कुणाचे ८००. तुम्हीही त्यातलेच असाल तर एक प्रश्न: आज उठल्यावर लघवीचा रंग कसा होता?

ई, असं म्हणू नका. जगभरचे कोच खेळाडूंना हे बिनधास्त विचारतात. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं, लघवी कमी आणि घट्ट होते, रंग गडद होतो. फिकट पिवळा रंग असेल तर ठीक. मधासारखा गडद असेल, तर कालचंच पाणी भरून निघालेलं नाही, हे समजा. आधी पाणी प्या, मग पळा. फक्त बी व्हिटॅमिनची गोळी किंवा बीट खाल्लं असेल तर रंगावर जाऊ नका.

रंगापेक्षा नेमकी टेस्टही असते. लघवी पाण्यापेक्षा किती जड, ते मोजायचं. याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवण्यासाठी घाम गाळता गाळता गेले. त्यानंतर तिथे कुस्तीगिरांच्या वजनाआधी ही टेस्ट आली. १.०२० पेक्षा जास्त आकडा म्हणजे पाणी कमी.

पण खरी गंमत पुढे आहे. पळून आल्यावर हीच टेस्ट फसवते! लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठत असते, त्यामुळे ती आत्ताची नाही, मागची गोष्ट सांगते. शिवाय पळून आल्या आल्या गटागटा साधं पाणी प्यायलात, तर लघवी लगेच पांढरी होते, पण शरीराची तूट तशीच राहते. ‘क्लिअर आहे, म्हणजे मी फिट’ असं म्हणून दुसरा राऊंड मारायला जाऊ नका.

मग करायचं काय? वजनकाटा वापरा. पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ६० किलोच्या मुलाचं १.२ किलो घटलं, तर ते दोन टक्के. इथून दमछाक वाढते, वेळ घसरतो. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातं.

उलटं टोकही नको. वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक धावपटू अतिपाण्यामुळे रक्तातलं सोडियम घटून दगावली. तेव्हा तहानेप्रमाणे, थोडं थोडं प्या. मीठ घातलेलं कोकम किंवा लिंबू सरबत उत्तम.

आणि मुलींनो, ग्राउंडवर टॉयलेट नाही म्हणून तुमच्यातल्या कितीतरी जणी आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. हे सर्वांत धोक्याचं. पाणी तोडू नका. चार जणी मिळून टॉयलेटची मागणी करा. ती लाजायची गोष्ट नाही.

जून २०१४ आठवतो? मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले. मग अंतर कमी झालं. नियम बदलले, पण गेलेले परत आले नाहीत. चक्कर, उलटी, बडबड सुरू झाली की थांबा, सावलीत जा, अंगावर पाणी ओता, दवाखाना गाठा. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भरती पुन्हा येते. उद्या सकाळी रंग बघा आणि मगच बूट चढवा.