टँकरची स्मृती

पश्चिम रेल्वेच्या विरार–डहाणू मार्गावर पालघर आणि बोईसर यांच्या मध्ये उमरोळी हे स्थानक आहे. त्याच्या उत्तरेस तारापूरची औद्योगिक वसाहत असून तेथील रसायने, औषधे व रंगद्रव्ये बनवणाऱ्या कारखान्यांचा माल आणि घातक कचरा ट्रक-टँकरमधून, चिल्हार फाट्यावर मुंबई–अहमदाबाद महामार्ग गाठून, दूरवर जातो. वाहनाचा माग ठेवणारी उपकरणे आणि डॅशकॅम म्हणजे पुढच्या काचेमागे बसवलेले कॅमेरे तयार करणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या कामाचे मोल अशाच पट्ट्यात नीट कळते. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडले गेले आणि विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. तो रासायनिक कचरा तळोज्याहून, म्हणजे महाराष्ट्रातून, गेलेला होता. टँकर कोठे थांबला आणि किती वेळ थांबला, हा प्रश्न म्हणूनच केवळ मालकाच्या हिशेबाचा राहत नाही.

मागोवा घेणारे उपकरण किमान चार उपग्रहांचे संकेत टिपते आणि प्रत्येक संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून स्वतःचे स्थान काढते. वेळेच्या मोजणीत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. काढलेले स्थान सिमकार्डाद्वारे सर्व्हरकडे जाते. दिल्लीत २०१२ साली बसमध्ये झालेल्या सामूहिक अत्याचारानंतर प्रवासी वाहनांच्या सुरक्षिततेचा विचार सुरू झाला, त्यातून केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ साली १२५-एच हा नियम आला आणि प्रवासी वाहतुकीच्या वाहनांत असे उपकरण व आपत्कालीन बटण बंधनकारक ठरले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेले 'एआयएस-१४०' हे त्याचे मानक होय. मोबाइलची रेंज नसताना किमान ४०,००० नोंदी उपकरणातच साठल्या पाहिजेत, अशी त्यात अट आहे. दर दहा सेकंदांनी एक नोंद धरली, तर हा साधारण साडेचार दिवसांचा प्रवास होतो.

मानक कितीही काटेकोर असले, तरी उपकरणाचा खरा कस ते गाडीत बसवताना लागतो. वीज थेट बॅटरीवरून घ्यावी लागते आणि गाडी चालू आहे की बंद, हे कळण्यासाठी इग्निशनची तार वेगळी जोडावी लागते. दोन्ही कामे एकाच तारेवर उरकली, तर चावी काढताच बाहेरचा पुरवठा तुटतो आणि उभ्या टँकरची नोंद उपकरणाच्या आतल्या छोट्या बॅटरीच्या भरवशावर राहते. अँटेना केबिनच्या पत्र्याखाली दडवला, तर त्याला आकाश दिसत नाही. तो डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, तोंड वर करून बसवावा लागतो. वायर सैल झाली तर त्याच दिवशी येणारा जवळचा माणूस ही छोट्या कंपनीची मोठी जमेची बाजू आहे.

डॅशकॅममध्ये मेमरी कार्ड भरले की जुने चित्रण पुसून त्यावर नवे उमटत राहते; मात्र धक्का ओळखणाऱ्या संवेदकाने आघात टिपताच त्या क्षणाची फीत वेगळी राखली जाते. उन्हात तापणाऱ्या काचेमागे लिथियम बॅटरी लवकर खराब होते, म्हणून चांगल्या कॅमेऱ्यात तिच्याऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटपट देणारा आणि उष्णता अधिक सोसणारा घटक, वापरतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा आघाताच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबले गेल्याची माहिती मोटारीतल्याच नोंदींवरून उत्पादक कंपनीने पोलिसांना दिली. महागड्या मोटारीकडे अशी स्मृती कारखान्यातूनच येते; त्याच रस्त्यावर रात्रभर टँकर हाकणाऱ्या चालकाच्या बाजूने बोलणारे मात्र बहुधा काहीच नसते, आणि मोठ्या गाडीवाल्यालाच दोषी धरण्याची आपल्याकडे रीत आहे.

ही स्मृती न्यायालयात टिकावी लागते. जालना विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात 'हॅश', म्हणजे फितीतील संपूर्ण माहितीवरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ, नोंदवावी लागते. फितीत किंचित फेरफार झाला, तरी ही ओळ बदलते. घाईने मोबाइलवर पुढे धाडलेली फीत या कसोटीवर सहज अडखळते.

मूळ फीत काढून जपण्याची व्यवस्था नसेल, तर असा कॅमेरा चालकावर पाळत ठेवण्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून वाहनमालकांनी उपकरणाच्या किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी करारात लेखी ठरवून घ्याव्यात: अपघातानंतर मूळ कार्ड कोण ताब्यात घेणार, आणि चालकाने मागितल्यावर फितीची प्रत त्याला किती दिवसांत मिळणार.