बर्फाळ रस्त्यावर वाहनाच्या मागील भाराचा परिणाम

वाहनाच्या मागील भागात जड सामान ठेवल्यास चाकांवरील भाराची विभागणी बदलते. बर्फाळ रस्त्यावर हा बदल वाहनाच्या वेग घेण्यावर, वळण्यावर आणि थांबण्यावर वेगवेगळा परिणाम करतो. अमेरिका व कॅनडाच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात पिकअप ट्रकच्या हौद्यात वाळूच्या पिशव्या ठेवण्याची प्रथा आहे. अशा भारामुळे मागील चाकांनी चालणाऱ्या वाहनाला पुढे जाण्यास मदत होते. मात्र ते लवकर थांबत नाही आणि वळणावर घसरण्याचा धोका वाढू शकतो.

घर्षण

टायर रस्त्यावर जास्तीत जास्त किती बल लावू शकतो, हे चाकावरील भार आणि घर्षणांक यांच्या गुणाकारावरून ठरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक साधारणतः ०.७ ते ०.८ असतो, तर बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. शून्य अंश सेल्सिअसच्या जवळपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असल्याने तो कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो.

वेग घेणे व चढ

रिकाम्या पिकअपचे इंजिन पुढे असल्याने मागील चाकांवर कमी भार येतो. समजा, २,००० किलोग्रॅमच्या पिकअपचा ४० टक्के भार मागील चाकांवर आहे. घर्षणांक ०.१ असताना हे वाहन सुमारे ४ टक्के चढ, म्हणजे १०० मीटरमागे ४ मीटर उंची, चढू शकते. मागील आसाच्या बरोबर वर २०० किलोग्रॅम वाळू ठेवल्यास ही मर्यादा सुमारे ४.५ टक्क्यांपर्यंत जाते.

पुढील चाकांनी चालणाऱ्या मोटारीत उलट घडते. १,५०० किलोग्रॅमच्या मोटारीचा ६० टक्के भार पुढे असल्यास ती ६ टक्के चढ चढू शकते. डिकीत २०० किलोग्रॅम सामान ठेवल्यावर ही मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास उतरते.

भाराची जागा

मागील आसाच्या मागे ठेवलेला भार तरफेप्रमाणे काम करतो. दोन आसांमधील अंतर ३.५ मीटर असताना मागील आसाच्या १ मीटर मागे २०० किलोग्रॅम ठेवल्यास मागील चाकांवरील भार सुमारे २५७ किलोग्रॅमने वाढतो आणि पुढील चाकांवरील भार सुमारे ५७ किलोग्रॅमने घटतो. म्हणून भार हौद्याच्या टोकाला न ठेवता मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवणे योग्य ठरते.

थांबणे

भार वाढला की घर्षणबल वाढते, पण थांबवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लावल्यानंतर कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबू शकते, तर बर्फावर त्याला सुमारे ६३ मीटर लागतात.

वळणे

मागे जास्त वस्तुमान असल्यास वळणावर मागील टायरांना अधिक बाजूचे बल पुरवावे लागते. टायरची पकड मात्र भाराच्या अगदी प्रमाणात वाढत नाही, थोडी कमीच वाढते. परिणामी मागील भाग बाहेर सरकण्याची प्रवृत्ती निर्माण होते; तिला ‘ओव्हरस्टीअर’ म्हणतात. दूरवर ठेवलेल्या वस्तुमानामुळे वाहन वळू लागण्यास वेळ लागतो आणि एकदा फिरू लागल्यावर ते सावरणेही कठीण जाते.

मागे इंजिन असलेल्या मोटारींत हे दोन्ही गुणधर्म दिसतात. फोक्सवॅगन बीटलला बर्फात चांगली पकड मिळत असे. पोर्शे ९११ चे इंजिन मागील आसाच्याही मागे असल्याने तिचा मागील भाग घसरण्याबद्दल प्रसिद्ध होता. १९६९ च्या मॉडेलमध्ये पोर्शेने मागील चाके मागे सरकवून दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले.

खबरदारी

मोकळे सामान ब्रेक लावताच पुढे सरकते आणि वळणावर एका बाजूला जाते. म्हणून ते घट्ट बांधणे आवश्यक असते. प्रवासी व सामान यांचे एकत्रित वजन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असावे लागते. मागील भाग खाली दबल्यास हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. वाळूचा आणखी एक उपयोग म्हणजे वाहन अडकल्यास ती चाकांखाली पसरून पकड मिळवता येते. हिवाळी टायर मात्र चारही चाकांचा घर्षणांक वाढवतात. त्यामुळे वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही बाबतींत त्यांचा लाभ होतो.