स्थाननिश्चितीचा हिशेब

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून परिभ्रमण करणारे जीपीएसचे उपग्रह आपले स्थान आणि आण्विक घड्याळातील वेळ अखंड प्रक्षेपित करीत असतात, आणि निदान चार उपग्रहांच्या संदेशांना लागलेल्या विलंबावरून आपला ठावठिकाणा ठरविण्याचा सारा हिशेब हातातील यंत्र करते. त्यात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची तफावत पडली, तरी अंतर 300 मीटरांनी चुकते. उंच इमारतींच्या दाटीत संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात. तेथे मोबाइलचे मनोरे व वायफाय यांचा आधार घ्यावा लागतो. तरीही उरणाऱ्या चुकीचे गल्लोगल्ली मोजमाप करणे दुरापास्त असल्याने संशोधक संगणकात शहराची प्रतिकृती उभारून, त्रुटींची यादृच्छिक मूल्ये घालून, तोच हिशेब सहस्रावधी वेळा करवितात आणि उत्तरे कितपत विखुरतात ते पाहतात. या पद्धतीचे मोल मला फार वाटते. कारण रुग्णवाहिका धाडणाऱ्यास नकाशावरील ठिपक्याइतकीच त्याभोवतीच्या संशयवर्तुळाची त्रिज्याही ठाऊक असावयास हवी.