शंखातील पाहुणा आणि विदर्भाचा वैशाख

हौसेने पाळावयाच्या प्राण्यांत पोपट, मांजर आणि मासे ह्यांच्या जोडीला आता एका निराळ्याच जीवाची भर पडली आहे. दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर वागवीत हिंडणारा हा खेकडा इंग्रजीत ‘हर्मिट क्रॅब’, म्हणजे संन्यासी खेकडा, ह्या नावाने ओळखला जातो. नाव संन्याशाचे, पण वृत्ती पक्क्या गृहस्थाची! घरावाचून त्याचे क्षणभर चालत नाही; आणि अंग वाढू लागले की अधिक ऐसपैस घराचा शोध सुरू होतो. मुलांस त्याचे वेड लागावे ह्यात नवल नाही. परंतु हा जीव समुद्रकाठचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमचे कळंब कोणत्याही समुद्रापासून पाचशे किलोमीटरांहून दूर. अशा गावी त्याला आणल्यास त्याच्या जिवाचे काय होते, ह्याचा विचार वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांतून जे शंखवाले खेकडे दिसतात, ते बहुतेक समुद्राच्या पाण्यातच राहणारे होत. कोरड्या पेटीत ते जगणार नाहीत. पाळण्यासाठी विकले जातात ते ‘सीनोबिटा’ जातीचे, जमिनीवर राहणारे खेकडे. अंदमान व लक्षद्वीप येथील किनाऱ्यांवर अशा जातींची वस्ती आहे. मात्र जमिनीवर राहू लागला तरी ह्या प्राण्याने पूर्वजांचे कल्ले सोडलेले नाहीत. आपल्यासारखी फुप्फुसे त्याला नाहीत. कल्ले ओले असतील तोवरच हवेतील प्राणवायू त्याला घेता येतो. ते सुकले की भर हवेत त्याचा श्वास कोंडतो. म्हणूनच तो शंखात थोडे पाणी सदैव साठवून ठेवतो.

हा मृत्यू एकाएकी येत नाही, आणि खरा धोका ह्यातच आहे. कोरड्या हवेत ठेवलेला खेकडा आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही तग धरतो. तो मंदावतो, खाणे टाकतो, शंखाबाहेर लोंबू लागतो आणि अखेर मरतो. घरची मंडळी म्हणतात, ‘त्याचे आयुष्यच तेवढे!’ वस्तुतः नीट राखल्यास हा प्राणी तीस वर्षांपर्यंतही जगू शकतो.

त्याला मानवणारी हवा म्हणजे सुमारे पंचाऐंशी फॅरनहाइटपर्यंतची, म्हणजे २४ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब आणि ७५ ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता. ‘सापेक्ष’ ह्या शब्दाचे मर्म असे : २० अंशांवर एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, तर ४० अंशांवर सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे पहाटेची दमट भासणारी हवाच दुपारी तापली की तिची वाफ तितकीच राहूनही ती कोरडी होते. वैशाखातील दुपारी आमच्या इकडे आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली उतरते. त्या हवेत जाळीचा पिंजरा आणि त्यात ओला स्पंज, एवढी व्यवस्था म्हणजे वणव्यावर चूळ टाकण्यासारखेच होय.

मग उपाय काय? तो शिकावयास दूर जावयास नको. कळंबच्या चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडापाशी जावे लागते. वर ऊन रणरणत असताना भूमीच्या पोटात गारवा आणि ओल टिकून राहते. ओढ्याकाठचा आपला काळा खेकडाही उन्हाळ्यात हेच करतो. ओल लागेपर्यंत बीळ खणून तो पावसाची वाट पाहतो. खोल ओली भूमी आणि वर झाकण, हेच पेटीच्या रचनेचे सूत्र.

पेटी काचेची असावी आणि तिला काचेचेच झाकण असावे. वारा खेळण्यास बारीक फट पुरे. तळाशी पाच भाग वाळू व एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण, निदान सहा इंच अथवा खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, ह्यांपैकी जे अधिक असेल तितके, घालावे. नदीची वाळू असल्यास ती धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून घ्यावी. ओल किती, ह्याची परीक्षा गृहिणींस सांगावयास नको : मुठीत लाडू वळावा, पण पाणी गळू नये. ह्याच मातीत गाडून घेऊन खेकडा कात टाकतो. त्यास काही आठवडे, मोठ्यास काही महिने लागतात. ‘मेला की काय’ म्हणून उकरून पाहणे म्हणजे त्याला मारणेच होय.

आत पाण्याची दोन भांडी हवीत, एक गोड्या व एक खाऱ्या पाण्याचे. खेकड्यास बुडी मारता यावी इतकी ती खोल असावीत, आणि वर चढण्यास खडे ठेवावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकावा. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्री माशांच्या पेट्यांसाठी मिळणारे मीठ दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे.

आर्द्रतामापक मात्र अवश्य घ्यावा, आणि त्याची परीक्षा घरीच करावी. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते पाण्याने नुसते ओलसर करावे. टोपण व मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी रात्रभर ठेवावे. आतील हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जितके कमी-अधिक दाखवील, तितका त्याचा दोष समजावा. मुलांस पदार्थविज्ञानाचा ह्याहून सोपा धडा क्वचितच मिळेल.

पुढे ऋतुमानाप्रमाणे वागावे. उन्हाळ्यात पेटी माजघरात, उन्हापासून दूर, शक्यतो जमिनीवर ठेवावी. कारण उन्हात बंद काच म्हणजे भट्टीच, आणि दमट उष्मा कोरड्याइतकाच घातक. वाळ्याच्या ताट्या किंवा कूलर ह्यांनी खोली थंड आणि दमट अशी दोन्ही राहते. पावसाळ्यात हवा आपणच ओली असते. तेव्हा झाकण थोडे सरकवावे, बुरशी पुसावी, आणि तळाशी पाणी साचू देऊ नये, नाहीतर वाळू नासते. थंडीत दिव्याची ऊब देऊ नये, दिवा हवा सुकवितो. पेटीच्या मागील काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर, विजेची ऊबदार पट्टी लावावी.

इतके सांगूनही एक गोष्ट उरते. हे खेकडे पेटीत सहसा वाढत नाहीत. त्यांची पिल्ले प्रथम समुद्रातच राहतात. तेव्हा दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कोणत्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. म्हणून ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी तो आणू नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे. पण ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे, त्यांनी त्याला दैवावर सोडू नये. तो आपण होऊन आलेला नाही. आपण त्याला आणला आहे. आश्रिताचे पोषण हा गृहस्थाचा धर्म, आणि ह्या आश्रिताला अन्नाच्याही आधी हवा आहे तो ओला श्वास.