सर्व्हिसिंगनंतर पेटणारा पिवळा दिवा

मोटार सर्व्हिसिंगला दिली, तेल बदलले, नवे फिल्टर बसले, बिलही चुकते झाले. आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला. गॅरेजला दूरध्वनी केल्यास उत्तर ठरलेले असते. गाडी येथून गेली तेव्हा दिवा नव्हता, त्यामुळे आमचा संबंध नाही. यातील पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. कारण पुरती खात्री पटल्याशिवाय पेटू नये, अशीच या दिव्याची रचना आहे.

हा दिवा मुळात प्रदूषण नियंत्रणासाठी आला. धुराड्यातून प्रमाणाबाहेर दूषित वायू जाण्याची शक्यता निर्माण झाली, की चालकाला सूचना मिळावी, हा त्याचा उद्देश. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ‘ओबीडी-२’ ही स्वयंतपासणी यंत्रणा सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतात ‘भारत स्टेज-४’ मानकांबरोबर २०१० पासून तिचा पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या ‘बीएस-६’ मानकांनी ती अधिक कडक केली.

बहुतेक दोषांच्या बाबतीत इंजिनाचा संगणक दोष प्रथम आढळताच दिवा लावत नाही. तो त्याची ‘प्रलंबित’ म्हणून नोंद करतो. पुढील फेरीत तोच दोष पुन्हा दिसला, तर दिवा पेटतो. शनिवारी गॅरेजमध्ये सैल राहिलेला जोड सोमवारी बोलू लागतो, तो यामुळे. अर्थात उलटही घडते. सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीची तार काढली, तर अनेक गाड्यांत जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि आधीपासूनचा दोष काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढतो. अशा वेळी गॅरेजला दोष देणे अन्यायाचे होईल.

सर्वाधिक घोटाळा होतो तो एअर फिल्टरपाशी. फिल्टर बदलताना त्याच्या पेटीची क्लिप नीट लागली नाही, किंवा इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल राहिला, तर सारा हिशेब बिघडतो. अनेक पेट्रोल मोटारींत फिल्टरच्या पुढे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या पुढील जोडातून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. संगणक मोजलेल्या हवेपुरतेच पेट्रोल सोडतो, धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर प्राणवायू जास्त असल्याचे कळवतो आणि संगणक पेट्रोल वाढवत राहतो. वाढविण्याची मर्यादा संपली, की ‘पी ०१७१’ हा संकेतांक नोंदला जातो. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे. तरीही हा संकेतांक पाहून ऑक्सिजन सेन्सरच बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. साक्षीदारालाच आरोपी ठरविण्याचा हा प्रकार! नवा सेन्सर काही हजारांना पडतो. क्लॅम्प आवळायला पेचकस पुरतो.

तेल भरण्याचे झाकण किंवा तेल मोजण्याची पट्टी नीट न बसल्यासही काही इंजिनांत अशीच हवा आत शिरते. स्पार्क प्लग बदलले असतील आणि इंजिन थरथरत असेल, तर इग्निशन कॉइलचा कनेक्टर पाहावा. ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ या संकेतांकांतील शेवटचा अंक सिलिंडरचा असतो. त्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवून अंकही बदलला, तर कॉइल खराब. एवढ्या साध्या चाचणीनंतरच नवी घ्यावी. बॉनेटखाली पाण्याचा जोरदार फवारा मारल्यानेही कनेक्टरमध्ये ओल शिरते. झडपांची वेळ तेलाच्या दाबाने बदलणाऱ्या इंजिनांत शिफारशीपेक्षा वेगळ्या दर्जाचे तेल त्रास देऊ शकते.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. मात्र तो लुकलुकत असेल, तर ठिणगी चुकून न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात आहे, असे समजावे. त्यामुळे तापून तो निकामी होऊ शकतो आणि हा भाग अत्यंत महाग आहे. वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. तेलाच्या किटलीचे चित्र असलेला लाल दिवा याहून वेगळा. तो पेटताच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे.

गॅरेजमध्ये गेल्यावर आग्रह धरावा तो एका गोष्टीचा : आधी संकेतांक वाचावा, मग पुसावा. स्टिअरिंगच्या आसपास डॅशबोर्डखाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, की संकेतांकाबरोबरच दोष नोंदला तेव्हाचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमानही कळते. दिवा पुसून गाडी परत दिली, तर हा पुरावाच नाहीसा होतो. दोष खरोखर दूर झाला असेल, तर साधारणपणे सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. दिवा किती किलोमीटरला पेटला, कोणता संकेतांक निघाला आणि कोणता जोड तपासला, हे जॉबकार्डावर लिहून घ्यावे व त्याची प्रत गाडीतच ठेवावी.